मृत्युपत्र : कोर्टासमोरचा प्रश्न आणि घरातला प्रश्न



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांनी आयुष्यभर दिवाणी बाजूची वकिली केली. फौजदारी वकिलाभोवती किस्से जमतात, दिवाणी वकिलाच्या वाट्याला फायली येतात. आणि त्या फायलींतली सर्वांत जाड फाईल हमखास एकाच आईवडिलांच्या मुलांची असते. बांधावरून भांडणारा शेजारी कधीतरी तडजोडीला येतो, सख्खा भाऊ येत नाही. म्हणून आज बोलण्यासाठी मी आईवडिलांच्या मृत्युपत्रावरून होणारा वाद हा विषय निवडला.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मृत्युपत्राच्या दाव्यात कोर्टासमोर एक प्रश्न असतो आणि पक्षकाराच्या मनात दुसराच. कोर्ट विचारते, हा दस्त मयताने शुद्धीवर असताना, समजून-उमजून, स्वतःच्या मर्जीने केला का? पक्षकार विचारत असतो, मला कमी का दिले? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम कायद्याने कोर्टाकडे सोपवलेलेच नाही. पण त्या प्रश्नाला दाद मागायला अन्य जागा नाही, म्हणून तो पहिल्याच्या नावाने दाखल होतो. ‘मला कमी का’ असे कैफियतीत लिहिता येत नाही. मग ‘सही बाबांची नाही’ असे लिहिले जाते. पुढची दहा-पंधरा वर्षे हस्ताक्षरतज्ज्ञ त्या सहीची वेलांटी मोजत बसतो.

एक गैरसमज आधी दूर करू. असे वाद फॅमिली कोर्टात चालतात, असे पुष्कळांना वाटते. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, नवरा-बायकोमधले मालमत्तेचे वाद असे विषय येतात. आईच्या मृत्युपत्रावरून भावाबहिणींत लागलेला दावा त्यात बसत नाही. तो दिवाणी न्यायालयात जातो, किंवा प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर मागण्याच्या, वाटेने जिल्हा वा उच्च न्यायालयात. हा फरक केवळ इमारतीचा नाही. कौटुंबिक न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न केलाच पाहिजे, असे त्या कायद्याचे कलम 9 सांगते. दिवाणी न्यायालयालाही प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येते. पण तोवर ‘बनावट’, ‘कारस्थान’, ‘मयताच्या अगतिकतेचा गैरफायदा’ हे सारे शब्द प्रतिज्ञेवर लिहून झालेले असतात. असे शब्द मागे घेऊन भाऊबीजेला जाणे कठीण असते.

आता कायदा. तो मुळात सोपा आहे. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम 63 इतकेच मागते : मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि निदान दोन साक्षीदारांनी, त्याला सही करताना पाहून किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याच्याकडून ऐकून, त्याच्यासमक्ष आपापल्या सह्या कराव्यात. स्टँपपेपर लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. साक्षीदारांना आतला मजकूर माहीत असण्याची गरज नाही, दोघे एकाच वेळी हजर असण्याचीही नाही. वहीच्या पानावरचे मृत्युपत्र चालते आणि रजिस्टर केलेले मृत्युपत्र नंतरच्या साध्या कागदाने रद्दही होते.

करायला एवढा सोपा दस्त शाबीत करायला इतका अवघड का? खरेदीखतावर वाद झाला, तर विकणारा साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन काय झाले ते सांगतो. मृत्युपत्र अमलात येते तेव्हा ते करणारा नसतो. म्हणून कायदा त्याच्या जागी साक्षीदाराला उभे करतो. हयात असलेल्या साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात आणून तपासावेच लागते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 68 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 67 मध्ये आहे. इतर नोंदणीकृत दस्तांना, समोरच्याने सही स्पष्टपणे नाकारलेली नसेल तर, यातून सूट मिळते. मृत्युपत्राला ती नाही. ‘बाबांनी रजिस्टर केलंय, आता कोण काय करणार?’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एक नमुन्याचे घर घेऊ. ते कोणाचेही नाही आणि पुष्कळांचे आहे. मुंबईच्या उपनगरात बाबांच्या नावावर एक फ्लॅट, साताऱ्याकडे थोडी जमीन, बँकेत ठेवी. आई आधीच गेलेली. थोरला मुलगा बाबांजवळ राहतो, ताई लग्न होऊन नाशिकला, धाकटा परदेशात. बाबा चौऱ्याऐंशीव्या वर्षी जातात. तेराव्यानंतर थोरला कपाटातून एक लिफाफा काढतो. मृत्युपत्र निधनाच्या आठ महिने आधीचे आहे. फ्लॅट थोरल्याला, जमीन दोघा भावांना. ताईसाठी एक वाक्य आहे : मुलीला तिच्या लग्नात सर्व काही दिले आहे.

थोरला प्रोबेटसाठी अर्ज करतो. वारसांना नोटिसा जातात. ताई हरकतीचे कॅव्हेट आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र दाखल करते, अर्जाचा दावा होतो आणि उलटतपासणी सुरू होते. वकील थोरल्याने ठरवले होते का? त्यांची फी कोणी दिली? बाबा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, मग मसुदा इंग्रजीत कसा? तो त्यांना मराठीत वाचून दाखवला का, आणि तसे कागदावर कुठे लिहिले आहे? मोतीबिंदूचे ऑपरेशन सहीच्या आधी झाले की नंतर? डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा की चार दिवसांनंतरचा? एक साक्षीदार थोरल्याच्या ऑफिसातला आहे, मग घरासमोर राहणाऱ्या, बाबांच्या चाळीस वर्षांच्या मित्राला का बोलावले नाही?

या प्रश्नांमागे कायद्यातले एक सूत्र आहे : संशयास्पद परिस्थिती. त्याची चौकट घालून देणारे न्यायमूर्ती मराठी होते. साताऱ्यात जन्मलेले आणि पुढे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी 1958 साली वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा या खटल्यात निकाल लिहिला. म्हैसूरकडच्या एका विधवेचे ते मृत्युपत्र होते. ज्याने ते कोर्टापुढे आणले, त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला होता आणि त्याच्या मुलांचा त्यात मोठा लाभ होता. न्यायमूर्तींनी सांगितले की गणितासारखी खात्री इथेही मागायची नसते, शहाण्या माणसाचे समाधान होईल इतका पुरावा पुरतो. मात्र सही थरथरती असेल, मन दुबळे झालेले असेल, वाटणी अस्वाभाविक असेल, किंवा लाभ घेणाराच सगळे घडवून आणताना दिसत असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. ते मृत्युपत्र शाबीत झाले नाही. पुढे 1976 मध्ये जसवंत कौर खटल्यात, पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी हेच सूत्र आणखी पुढे नेले : संशयाने वेढलेले मृत्युपत्र हा दोन पक्षांपुरता वाद राहत नाही, कोर्टाच्या सद्सद्विवेकाचे समाधान व्हावे लागते.

हे ऐकून नाराज वारसाला धीर येतो. त्याला वाटते, सद्सद्विवेक म्हणजे न्याय, आणि अन्याय तर उघड दिसतोच आहे. इथेच फसगत होते. कोर्टाचा विवेक शोधत असतो ते मयताचे मन मोकळे होते का, एवढेच. ते उदार होते का, हे तो तपासत नाही. उत्तराधिकार कायद्याच्या कलम 61 प्रमाणे फसवणूक, धाकदपटशा किंवा माणसाची मर्जीच हिरावून घेणारा तगादा यांतून झालेले मृत्युपत्र रद्दबातल ठरते. पण त्याच कलमाखाली कायद्याने स्वतःच दिलेले एक उदाहरण आहे. एक जण मालमत्तेवर डोळा ठेवून दुसऱ्याची सेवा करतो, तोंडभरून स्तुती करतो आणि त्याची लहरी मर्जी संपादन करून मृत्युपत्रात वाटा मिळवतो. कायदा म्हणतो, तेवढ्याने ते देणे रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली रवींद्रनाथ मुखर्जी खटल्यात तर सरळ सांगितले की वारसांना वगळले एवढ्यावरून संशय घेता येत नाही. वारसाहक्काची नेहमीची वाट बदलण्यासाठीच माणूस मृत्युपत्र करतो. थोरल्याने बाबांना रोज गोड बोलून खूश ठेवले, हा ताईचा आरोप खरा असला तरी दाव्यात निरुपयोगी आहे.

कोर्टाचा प्रश्न आणि घरातला प्रश्न किती दूर जाऊ शकतात, याचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला दाखला ताईमहाराज प्रकरणाचा. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज ऑगस्ट 1897 मध्ये कॉलऱ्याने वारले. जाण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्र करून लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले. पत्नी, म्हणजे ताईमहाराज, तेव्हा गरोदर होती. मुलगा झाला नाही किंवा जगला नाही, तर विश्वस्तांच्या विचाराने तिच्या मांडीवर दत्तक द्यावा, अशी तजवीज होती. मुलगा झाला आणि गेला. 1901 मध्ये औरंगाबादला जगन्नाथ या मुलाचे दत्तकविधान झाले. त्यानंतर ताईमहाराजांनी ते नाकारून कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि प्रोबेट रद्द करावे म्हणून अर्ज केला. त्यातून टिळकांवर खोटी साक्ष आणि बनावट पुराव्याचे फौजदारी खटले झाले, शिक्षा झाली आणि 1904 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दत्तकाचा दिवाणी वाद मात्र खालच्या कोर्टात एक निकाल, उच्च न्यायालयात त्याच्या उलट, असे करत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1915 मध्ये औरंगाबादचे दत्तकविधान खरे ठरले आणि टिळक जिंकले.

हा इतिहास आपण टिळकांच्या बाजूने वाचतो आणि सरकारने त्यांना कसे छळले ते पाहतो. ते खरेच आहे. पण क्षणभर फिर्यादीच्या बाजूने पाहा. ऐन तारुण्यात विधवा झालेली एक बाई, तिच्या मांडीवर कोणता मुलगा बसणार हे ठरवणारी पुरुषांची समिती आणि त्या समितीला अधिकार देणारा, नवऱ्याने शेवटच्या आजारात केलेला कागद. तिचा खरा प्रश्न ‘माझ्या घरात माझे काय चालते?’ हा असावा. चौदा वर्षांच्या कज्जात हा प्रश्न कुठल्याच कोर्टापुढे मुद्दा म्हणून निघाला नाही, निघूही शकत नव्हता. मुद्दे निघाले ते औरंगाबादला मांडीवर मूल ठेवले गेले का, याचे. निकाल लागला तेव्हा ताईमहाराज हयात नव्हत्या. त्या 1903 मध्येच गेल्या होत्या.

आता तुम्ही विचाराल, मग कायद्यानेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर का देऊ नये? काही कायदे देतात. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे, आणि 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने ती चालू ठेवली. तिथे मुलेबाळे असलेल्या माणसाला आपल्या मालमत्तेपैकी अर्ध्याचीच मृत्युपत्राने मनाप्रमाणे वाट लावता येते. उरलेला अर्धा मुलांचा राखीव असतो, मुलगा-मुलगी भेद न करता. गोव्याबाहेर भारतात कुठेही असलेली गोवेकराची मालमत्ताही याच नियमाखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणजे सावंतवाडीचा हिंदू बाप सगळे एका मुलाला देऊ शकतो आणि पलीकडे पेडण्यातला देऊ शकत नाही.

महाराष्ट्रातल्या हिंदू बापाला ही मोकळीक मिळाली, ती कधी, हे पाहण्यासारखे आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. त्याच कायद्याच्या कलम 30 ने एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही मृत्युपत्राने देऊन टाकण्याची मुभा बापाला दिली. आधी ती नव्हती. पुढे महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेची हिस्सेदार, केले, आणि 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच्या उरल्यासुरल्या शंका दूर केल्या. समोरच्या दाराने मुलीचा हक्क आत आला, पण कलम 30 चे मागचे दार उघडेच राहिले. पूर्वी बहिणीकडून राखी पौर्णिमेच्या सुमारास हक्कसोडपत्रावर सही घेत. ती सही करीनाशी झाली, तसे बापाचे मृत्युपत्र पुढे येऊ लागले. त्याविरुद्ध तिला कायद्याचा आधार फार थोडा आहे. 1956 च्याच दत्तक व पोटगी कायद्याखाली मृत्युपत्राने वगळलेली विधवा किंवा अविवाहित मुलगी वारसदाराकडे पोटगी मागू शकते. लग्न होऊन सासरी नांदणाऱ्या मुलीला तीही नाही.

असे असूनही गोव्याचा नियम इथे जसाच्या तसा आणावा, असे मी म्हणणार नाही. मृत्युपत्राच्या स्वातंत्र्याची एक चांगली बाजू आहे. आईला अंथरुणावर वर्षानुवर्षे सांभाळणारी मुलगी आणि फोनवर ‘काळजी घे’ म्हणणारा मुलगा यांना सारखे देणे हा हिशेब असेल, न्याय नसेल. अपंग मुलाला जास्त लागते. दत्तक मुलाला भाऊबंदांपासून संरक्षण लागते. महात्मा फुल्यांनी 1887 मध्ये मृत्युपत्र करून ठेवले, त्यात दत्तक यशवंतची व्यवस्था केली. इतकेच नव्हे, तर तो लायक निघाला नाही तर काय करावे, याचीही तरतूद लिहिली. फुले गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी यशवंतच्या हक्कालाच आक्षेप घेतला आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले, ही हकीकत आपल्याला माहीत आहे. अशा भाऊबंदकीच्या तोंडावर कागद लागतोच. आणि फुल्यांच्या कागदाचा विशेष असा, की कोणाला काय एवढे सांगून तो थांबत नाही. का आणि कोणत्या अटीवर, हेही बोलतो.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. कारण लिहा. कायदा कारण मागत नाही, म्हणून बहुतेक मसुद्यांत ते नसते, किंवा ‘माझ्या सेवेने संतुष्ट होऊन’ असे छापील वाक्य असते. पण गजेंद्रगडकरांच्या चौकटीत अस्वाभाविक वाटणी हीच संशयाची एक खूण आहे. मयताच्या तोंडचे कारण कागदावर असेल, तर ती वाटणी अस्वाभाविक राहत नाही. आणि ते कारण ताईच्या प्रश्नाचेही उत्तर असते, पटो वा न पटो. कोर्टाचा प्रश्न आणि घरातला प्रश्न दोन्ही एकाच ओळीत सुटण्याची ही एकमेव जागा आहे.

मात्र कारण खरे असले पाहिजे, कारण ते तपासले जाणार आहे. ‘मुलीला लग्नात सर्व काही दिले’ असे लिहिले, तर वकील विचारणारच : काय दिले, कधी, कोणत्या बँकेतून? धाकट्याच्या परदेशी शिक्षणाचे कर्ज बाबांनीच फेडले होते, मग ते का लिहिले नाही? खोटे कारण नसलेल्या कारणापेक्षा वाईट. संशय दूर करण्याऐवजी तेच नवा संशय होते. कारण स्वतःच्या भाषेत लिहा, शक्य तर स्वतःच्या अक्षरात. सातवी शिकलेल्या बाबांच्या मराठीतल्या दहा ओळी त्यांचे मन शाबूत असल्याचा पुरावा म्हणून कोणत्याही दाखल्याला भारी पडतात. ज्याला लाभ होणार त्याने वकील शोधू नये, फी देऊ नये, सहीच्या वेळी खोलीत थांबू नये. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान, तुम्हाला ओळखणारे आणि कोणत्याही वारसाचे मिंधे नसलेले असावेत.

आणखी एक. नॉमिनेशनने हा प्रश्न मिटतो, अशी समजूत अजून घट्ट आहे. विमा पॉलिसीबाबत 1983 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या कायद्यावरून सांगितले होते की नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या पश्चात वारसांत झालेल्या वादात डिसेंबर 2023 मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही तसेच ठरले. सोसायटीच्या नॉमिनेशन फॉर्मवरचे नाव किंवा सातबाऱ्यावरचा फेरफार यांनी मालकी ठरत नाही. आणि मृत्युपत्राच्या भांडणाला घाबरून हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकू नका. मृत्युपत्र उद्या बदलता येते. बक्षीसपत्र झाल्यावर मुलगा विचारीनासा झाला, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे म्हातारपणी खेटे घालावे लागतात.

मुलांनाही एक सांगणे आहे. दावा लावण्यापूर्वी स्वतःला विचारा, माझे म्हणणे ‘हे बाबांनी केलेच नाही’ असे आहे, की ‘बाबांनी असे करायला नको होते’ असे? पहिले असेल आणि त्याला पुरावा असेल, तर जरूर लढा; संशयास्पद मृत्युपत्रे असतात आणि ती पडतात. दुसरे असेल, तर कोर्ट तुमचे ऐकणार नाही. ते बोलणे भावंडांनी मध्यस्थासमोर बसून करायचे आहे. थोरल्याने कागद जिंकला, म्हणजे ताईला उत्तर मिळाले असेही नाही. तिला वाटा देण्याचे बंधन त्याच्यावर नसेल, पण मनाईही नाही. प्रोबेट मिळाल्यानंतर स्वखुशीने बहिणीला हिस्सा देणारे भाऊ आहेत, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी आईवडिलांकडे येतो, कारण हा वाद टाळणे त्यांच्याच हाती आहे, आणि तेही हिंडते-फिरते आहेत तोवरच. मृत्युपत्रात ज्या मुलाला किंवा मुलीला कमी देणार असाल, त्याच्यासाठी लिहिलेले कारण आधी त्याला समोर बसवून वाचून दाखवा. ते ऐकून तो चिडेल, ताई रडेल, चार महिने बोलणे बंद होईल. तेवढे सोसा, तुमच्या माघारी तेच चार महिने पंधरा वर्षांचे होतात. आणि ते वाक्य त्याच्या तोंडावर वाचवत नसेल, तर वाक्य सौम्य करत बसू नका, वाटणी बदला.